गिनीपिगचे केस का जातायत? ऊ, लूत आणि नायटा ओळखताना

गणपतीला लांज्याला घरी गेले होते. दुसऱ्या दिवशी आरती झाल्यावर शेजारच्या काकूंनी मला पडवीतच गाठलं. "तू ते बारीक किड्यांचंच शिकतेस ना गो? मग आमच्या त्या दोघींकडे जरा बघ. घरात ठेवायच्या की नाही ते आज ठरवायचं आहे."

त्या दोघी म्हणजे चिकू आणि काजू. काकूंच्या दहा वर्षांच्या नातवाला मे महिन्यात मुंबईच्या मामाने आणून दिलेल्या गिनीपिगच्या माद्या. चिकूच्या खांद्यांवरचे आणि पाठीवरचे केस गेले होते, कातडी जाड होऊन पिवळट खपल्या धरल्या होत्या, आणि ती सारखी खाजवत होती. खाजवताना मध्येच किंचाळायची. काजूला खाज जवळजवळ नव्हतीच, पण नाकाच्या वर आणि एका डोळ्याभोवती केस जाऊन पांढरा भुसा दिसत होता. घरात खरी खळबळ माजली होती ती मात्र तिसऱ्याच गोष्टीने. नातवाच्या डाव्या हातावर, कोपराच्या खाली, लाल कडांचा गोल चट्टा उठला होता.

घरच्यांचा निष्कर्ष सरळ होता. चिकूला खरूज झाली, ती काजूला लागली, आणि आता पोराला. उपायही ठरलेले होते. करंजाचं तेल आठवडाभर लावून झालं होतं. मेडिकलमधून आणलेली 'खाजेची ट्यूब' चालू होती, तिघांनाही एकच. वाडीतल्या कुणीतरी गुरांना गोचिडांवर देतात ते इंजेक्शन "थोडंसं" द्यायला सांगितलं होतं आणि बाटली घरात येऊन पडली होती. खपल्यांत पू होऊ नये म्हणून पोराचं उरलेलं अँटिबायोटिक सिरप पाजायचाही विचार होता. आणि यातलं काहीच नाही जमलं, तर दोघींना रानात सोडून द्यायचं.

एक आधीच सांगते. मी पशुवैद्य नाही. माझं पीएचडीचं काम झाडांवरच्या माइटवर आहे. माइट म्हणजे शेतकरी ज्याला 'कोळी' म्हणतात तो प्राणी. नारळाच्या कोवळ्या फळावर खरडल्यासारखे तपकिरी चट्टे पाडतो तो इरिओफाइड कोळी आपल्याकडे सगळ्या बागायतदारांना माहीत असतो. पण नारळावरचा कोळी आणि गिनीपिगच्या कातडीतला कोळी एकाच मोठ्या कुळातले, त्यामुळे या दुसऱ्या शाखेबद्दल मी बरंच वाचलेलं होतं. ते वाचलेलं आणि त्या दिवशी बघितलेलं, दोन्ही इथे लिहिते. लांज्यातच नव्हे, कुठल्याही लहान गावात गिनीपिगसारख्या प्राण्याची सवय असलेला डॉक्टर चटकन मिळत नाही, आणि तोपर्यंत घरात जे प्रयोग होतात तेच अनेकदा जिवावर बेततात.

सुरुवात जे आजार नाहीत तिथून करू, कारण निम्मी घबराट त्यांचीच असते. गिनीपिगच्या दोन्ही कानांमागे एक छोटी टक्कल असलेली जागा असते. ती जन्मापासून असते, सगळ्यांना असते. शेपटी नसली तरी शेपटी असायला हवी तिथे एक ग्रंथी असते. तिच्यातून तेलकट द्रव येतो आणि तिथले केस चिकट, मळकट दिसतात. नरांमध्ये जास्तच. डोळ्यांतून कधीकधी दुधासारखा पांढरा थेंब येतो, तो पंजांनी तोंडाला पुसून ते तोंड धुतात. थोडेफार केस तर बारा महिने गळतात. काकूंनी कानामागची जागाही मला "इथूनच सुरू झालं" म्हणून दाखवली होती.

आता उवा. गिनीपिगच्या उवा नुसत्या डोळ्यांनी दिसतात. एक-दीड मिलिमीटर लांब, फिकट पिवळसर, केसांच्या मुळाशी पळणाऱ्या. त्यांच्या लिखा केसांना पक्क्या चिकटलेल्या असतात, आणि कोंडा समजून झटकायला गेलात तर झटकल्या जात नाहीत. कोंडा झटकला जातो. हा फरक घरबसल्या करता येतो. सगळ्यात जास्त सापडणाऱ्या दोन जाती म्हणजे ग्लिरिकोला पोर्सेली, जी सडपातळ असते, आणि जायरोपस ओव्हॅलिस, जी नावाप्रमाणेच अंडाकृती आणि रुंद डोक्याची. दोन्ही चावणाऱ्या उवा. आपल्या डोक्यातली ऊ रक्त शोषणारी, ती वेगळ्याच गटातली. ऊ हा प्राणी आपल्या यजमानाशी फार एकनिष्ठ असतो. शाळेतून डोक्यात उवा घेऊन आलेल्या मुलीचं खापर गिनीपिगवर फोडू नये, आणि अंगणातल्या कोंबड्यांच्या उवा गिनीपिगवर संसार थाटत नाहीत. थोड्या उवा असतील तर प्राण्याला फारसा त्रासही जाणवत नाही; खूप झाल्या की खाज, विस्कटलेले केस, कानांच्या आसपास खपल्या.

मी आमच्याकडचं भिंग आणलं. आंब्याच्या मोहोरावरचे तुडतुडे बघायला बाबांनी ठेवलेलं, दहापट मोठं दाखवणारं. मोबाइलच्या टॉर्चमध्ये दोघींचे केस मुळापासून उलटे करत पाहिले. उवा नाहीत, लिखा नाहीत.

मग माइट. गिनीपिगवर मुख्यतः दोन भेटतात आणि त्यांचे स्वभाव एकदम उलटे आहेत. पहिला कायरोडिस्कॉइडिस केव्हिए. हा केसांवर राहतो, कातडीत शिरत नाही. लांबट, साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, केसाला मिठी मारून बसलेला. बहुतेक वेळा पाठीच्या मागच्या भागात, पार्श्वभागावरच्या केसांवर सापडतो. भिंगातून पाहिलं तर केसांवर मिरपूड भुरभुरल्यासारखी वाटते. बऱ्याच गिनीपिगच्या अंगावर हा वर्षानुवर्षं असतो आणि कुणालाच पत्ता नसतो. याला पकडायची सोपी युक्ती म्हणजे सेलोटेप. पारदर्शक टेपचा तुकडा केसांच्या मुळाशी दाबायचा, उचलायचा, काचपट्टीवर चिकटवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. शाळेतला साधा सूक्ष्मदर्शकही पुरतो. माझ्या बॅगेत फोल्डस्कोप होता. स्टॅनफर्डच्या मनु प्रकाश यांच्या गटाने 2014 मध्ये जगासमोर आणलेला हा कागदी, घडीचा सूक्ष्मदर्शक साधारण 140 पट मोठं दाखवतो, आणि भारतातल्या बऱ्याच शाळा-कॉलेजांत तो पोचलाय. नातवाला टेप लावायचं काम दिलं. टेपवर केस आले, भुसा आला, गवताचं कूस आलं. माइट नाही.

दुसरा माइट हा खरा त्रासदायक. ट्रिक्सॅकॅरस केव्हिए. कुत्र्याला लूत लागते म्हणतो ना, तशी गिनीपिगची लूत याच्यामुळे होते. गोलसर, पाव मिलिमीटरहूनही लहान, आखूड पायांचा. माणसाच्या खरजेच्या किड्याचा हा चुलतभाऊ. कातडीच्या वरच्या थरात बोगदे खणतो, मादी त्यातच अंडी घालते, आणि अंड्यापासून प्रौढापर्यंतचा सगळा प्रवास, सुमारे दोन आठवड्यांचा, त्याच प्राण्याच्या अंगावर होतो. खाज भयंकर असते. खांदे, मान, पाठ, मांड्यांची आतली बाजू इथले केस जातात, कातडी जाड होते, खपल्या धरते. फार वाढलं तर खाजवताना किंवा नुसता हात लावल्यावर प्राण्याला झटके येतात. पाहणाऱ्याला ती फिट वाटते आणि घरचे मेंदूचा आजार समजून भलतीकडेच धावतात.

या माइटबद्दल मला वाटणारं एक आश्चर्य. दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतात गिनीपिग काही हजार वर्षांपूर्वी माणसाळवला गेला. त्याच्या ग्लिरिकोला उवेचं शास्त्रीय वर्णन 1781 इतकं जुनं आहे. शे-दीडशे वर्षं तर हा प्राणी जगभरच्या प्रयोगशाळांत पिंजऱ्या-पिंजऱ्यांनी ठेवला गेला. पॉल एर्लिख यांनी घटसर्पाच्या प्रतिविषाचं एकक ठरवलं ते 250 ग्रॅमच्या गिनीपिगवर. इतकं असून त्याच्या सगळ्यात त्रासदायक माइटचं वर्णन प्रसिद्ध झालं 1972 मध्ये, फेन, हॉवेल आणि हायट या तिघांकडून. माझा अंदाज असा की त्याआधी ज्यांनी तो पाहिला त्यांनी त्याला साधा खरजेचा किडा समजून सोडून दिला असावा. दोघांतला फरक बघायला प्राणी पाठीवरून नीट पाहावा लागतो: ट्रिक्सॅकॅरसचं गुदद्वार पाठीच्या बाजूला असतं, खरजेच्या किड्याचं शरीराच्या अगदी टोकाला. आमच्या क्षेत्रात असल्या गोष्टींवर जातीच्या जाती वेगळ्या होतात. घरी हे सांगितलं की जेवताना सगळे हसतात.

चिकूची लक्षणं या माइटशी चांगली जुळत होती. आणखी एक धागा मिळाला तो बोलता बोलता. काकूंच्या मनगटांवर आठवडाभर बारीक, खाजरं पुरळ आलं होतं, चिकूला तेल चोळत होत्या त्या दिवसांत. नंतर आपोआप गेलं. गिनीपिगचा हा माइट माणसाच्या कातडीवर चढतो, चावतो, पुरळ उठवतो, पण तिथे त्याची वंशवेल वाढत नाही. म्हणून प्राणी बरा झाला की माणूसही बरा होतो. (करंजाच्या तेलानेही कुणाकुणाला पुरळ येतं, त्यामुळे हा पुरावा मी अर्धाच धरला.)

पण मग पोराचा चट्टा? तो पुरळासारखा नव्हता. एकच, गोल, कडेला लाल आणि उठावदार, मध्ये जरा निवळलेला. हा नायट्याचा चेहरा. आणि नायटा माइटमुळे होत नाही, बुरशीमुळे होतो.

इथे काजूकडे परत बघावं लागलं. खाज नाही, खपल्या जाड नाहीत. नाक, डोळ्याची कड, म्हणजे चेहऱ्यावरून सुरुवात, तुटलेले केस आणि पांढरा भुसा. गिनीपिगमध्ये नायटा बहुतेक वेळा असाच चेहऱ्यावर आणि कानांवर सुरू होतो. ट्रायकोफायटॉन नावाच्या बुरशीच्या वंशातल्या जाती त्याला कारण असतात. या बुरशा केस आणि कातडीतलं केराटिन खाऊन जगतात, आणि प्राण्यातून माणसाला अगदी सहज लागतात, लहान मुलांना विशेषतः. कित्येक गिनीपिग स्वतः धडधाकट दिसत ही बुरशी केसांवर वागवत असतात. नातवाला विचारलं, तू कुणाला जास्त घेतोस? "काजूला. चिकू किंचाळते म्हणून घेत नाही. काजू इथे झोपते." आणि त्याने डावा हात दाखवला.

म्हणजे घरच्यांच्या निष्कर्षातला आरोपीच चुकला होता. एकाच पिंजऱ्यात दोन वेगवेगळे आजार असण्याची शक्यता होती, आणि पोराला जे लागलं होतं ते शांत बसलेल्या, खाज नसलेल्या काजूकडून.

हे कळल्यावर मला पहिली काळजी वाटली ती ट्यूबची. खोक्यावरचं वाचलं. क्लोबेटॅसॉल, एक अँटिबायोटिक आणि एक बुरशीविरोधी औषध, तिन्ही एकात. क्लोबेटॅसॉल हे अतिशय जोरदार स्टिरॉइड आहे. ते लालीवर आणि खाजेवर पटकन उतार देतं, कारण ते शरीराची प्रतिकारशक्तीच तिथे झोपवतं, आणि बुरशी त्या वेळात आरामात पसरते. गोल कडा पुसट होतात, त्यामुळे नंतर त्वचारोगतज्ज्ञालाही नायटा ओळखायला अवघड जातो. भारतात गेली काही वर्षं औषधांना दाद न देणाऱ्या नायट्याची जी साथ चालू आहे, तिच्यामागे अशा सहज मिळणाऱ्या मिश्र ट्यूबचा मोठा हात असल्याचं त्वचारोगतज्ज्ञ सतत सांगत आलेत. त्या साथीतल्या बुरशीला 2020 मध्ये जपानी संशोधकांनी ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए असं नावच दिलं. त्यांचे नमुने जपानमध्ये राहणाऱ्या भारतीय आणि नेपाळी रुग्णांचे होते. ती मुख्यतः माणसाकडून माणसाला लागणारी, काजूची बुरशी बहुधा तिची नात्यातली दुसरी. पण ट्यूबची चूक दोन्हीकडे तीच. शिवाय गिनीपिग ती चाटणार, म्हणजे स्टिरॉइड पोटातही.

कुणीतरी ऑनलाइन मिळणारी निळी-जांभळी टॉर्च घेऊन नायटा चमकतो का बघा असं सुचवतं. चमकतो तो मायक्रोस्पोरम नावाच्या बुरशीचा, तोही दर वेळी नाही. गिनीपिगमध्ये सापडणाऱ्या ट्रायकोफायटॉनचा नाही. न चमकल्याने काहीच सिद्ध होत नाही, त्यामुळे ते पैसे वाचवा.

दुसरी काळजी इंजेक्शनची. बाटलीवर लिहिलं होतं आयव्हरमेक्टिन, 1 टक्का. औषध वाईट नाही, उलट गिनीपिगच्या लुतीवर पशुवैद्यही बरेचदा तेच देतात. जपानच्या मातीतल्या एका जिवाणूपासून ते आलं, आणि त्यासाठी सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना 2015 चं नोबेल मिळालं. माइटच्या मज्जातंतूंत जी दारं ते उघडं ठेवतं, ती दारं सस्तन प्राण्यांत नसतात. तशीच जी थोडी मिळतीजुळती दारं आपल्या मेंदूत असतात, तिथपर्यंत नेहमीच्या मात्रेत औषध पोचत नाही. मात्रा फार वाढली की पोचतं. प्रश्न फक्त हिशेबाचा, तो काकांसमोर कागदावर मांडला.

1 टक्का म्हणजे 1 मिलिलिटरमध्ये 10 मिलिग्रॅम. गुरांना 50 किलोमागे 1 मिलि देतात. चिकू स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर भरली 640 ग्रॅम. किलोमागे 0.4 मिलिग्रॅम धरलं तर तिला लागणार साधारण 0.26 मिलिग्रॅम, म्हणजे बाटलीतलं 0.026 मिलि. एक थेंबच साधारण 0.05 मिलिचा असतो, म्हणजे अर्ध्या थेंबाच्या आसपास. वाडीतला "थोडंसं" म्हणणारा माणूस सिरिंजमध्ये अर्धा मिलि ओढणार, ते झालं जवळजवळ वीसपट. काकांनी कागद दोनदा वाचला आणि बाटली गोठ्याच्या फळीवर नेऊन ठेवली. (हा हिशेब घरी डोस काढायला दिलेला नाही. डॉक्टर औषध पातळ करून, वजन करून देतात ते याचसाठी.)

आणि सिरप. ते अमॉक्सिसिलिन होतं. तुम्ही गिनीपिग पाळत असाल आणि या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा: पेनिसिलिनच्या कुटुंबातली औषधं गिनीपिगला तोंडावाटे देऊ नका. त्यांच्या आतड्याच्या मोठ्या अंधपिशवीत गवत आंबवणारे जिवाणू असतात. ही औषधं ते मारतात, त्यांची जागा विष तयार करणारे क्लॉस्ट्रिडियम जातीचे जिवाणू घेतात आणि प्राणी थोड्याच दिवसांत जुलाबाने जातो. पेनिसिलिन गिनीपिगला घातक असल्याचं 1943 मध्येच नोंदवलं गेलंय. 1940 मध्ये ऑक्सफर्डमध्ये पेनिसिलिनची पहिली प्राण्यांवरची चाचणी झाली ती उंदरांवर. ती गिनीपिगवर झाली असती तर हे औषध तिथेच बाद झालं असतं का, हा प्रश्न औषधशास्त्राच्या वर्गात आवडीने विचारला जातो.

परत चिकू-काजूकडे. दोघी एकाच वेळी आजारी का पडल्या असाव्यात? ट्रिक्सॅकॅरस माइट थोड्या संख्येने अंगावर दबून राहू शकतो. प्रवास, जागाबदल, गाभणपण, कुपोषण अशा ताणात तो उसळतो. मी विचारलं, खायला काय देता? गाजर, काकडी, भाताचा पेंढा आणि सशाचं खाद्य.

माणूस आणि गिनीपिग यांच्यात एक दुर्मीळ साम्य आहे. दोघांनाही स्वतःचं क जीवनसत्त्व बनवता येत नाही. ससा, कुत्रा, गाय यांना येतं, म्हणून सशाच्या खाद्यात ते घातलेलं नसतं. नॉर्वेच्या होल्स्ट आणि फ्रोलिख यांनी 1907 मध्ये गिनीपिगना नुसतं धान्य खायला घातलं. ते बेरीबेरीचा अभ्यास करायला निघाले होते, प्राण्यांना झाला स्कर्व्ही. त्या अपघातामुळे स्कर्व्ही प्रयोगशाळेत अभ्यासता यायला लागला. कमतरतेत केस राठ आणि विस्कटलेले होतात, जखमा भरत नाहीत, सांधे दुखतात म्हणून प्राणी हलेनासा होतो, आणि परजीवींना रान मोकळं मिळतं. गरज दिवसाला किलोमागे साधारण 10 ते 20 मिलिग्रॅमची. काकडीत 100 ग्रॅममागे 3 मिलिग्रॅमच्या आसपास, गाजरात 6. ढोबळी मिरचीत 80 आणि पेरूत 200 च्या वर. म्हणजे चिकूला वीस ग्रॅम ढोबळी मिरचीचा एक तुकडा पुरतो. गोळी पाण्याच्या भांड्यात विरघळवून ठेवण्यात अर्थ नाही, उजेडात ते जीवनसत्त्व लवकर नासतं. ज्या घराच्या मागे पेरूचं झाड आहे त्या घरात हा प्राणी स्कर्व्हीच्या वाटेवर होता!

शिवाय पिंजरा पडवीत, आषाढापासून ओल, खाली दमट पेंढा. आपल्याकडच्या पावसात बुरशीला आणखी काय पाहिजे?

केस जाण्याची परजीवींशी संबंध नसलेली कारणंही थोडक्यात सांगते, कारण औषधं चुकतात ती तिथेही. दोन्ही कुशींवर, आरशात पाहिल्यासारखे सारखेच केस गेलेत, खाज नाही, कातडी स्वच्छ, आणि मादी वर्ष-दोन वर्षांपुढची, तर अंडाशयातल्या गाठींचा संशय घ्यावा. त्यावर कुठलाही माइटचा उपाय चालत नाही. गाभणपणाच्या शेवटी केस विरळ होतात आणि नंतर येतात. कातडी छान पण केस कात्रीने कापल्यासारखे आखूड, तर सोबतीण ते कुरतडतेय, किंवा ती स्वतःच. असं बहुधा कंटाळा किंवा गवत कमी पडल्याने होतं.

दुसऱ्या दिवशी दोघींना झाकलेल्या टोपलीतून रत्नागिरीला पशुवैद्यांकडे नेलं. मीही गेले. डॉक्टरांनी काजूच्या डोळ्याजवळचे तुटके केस उपटून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात ठेवले. थोड्या वेळाने केसाच्या बाहेरून गोल कणांची वेटाळी स्पष्ट दिसली. बुरशीचे बीजकण. तिथे वाद संपला. चिकूची कातडी मात्र दोन ठिकाणी रक्ताचा ठिपका येईपर्यंत खरवडली, दोन काचपट्ट्या केल्या, मी जवळजवळ अर्धा तास डोळे लावून बसले, आणि एकही माइट दिसला नाही.

काका म्हणाले, म्हणजे नाहीच ना? डॉक्टर म्हणाले, "तसं नाही. औषध देऊन बघू." मला हे वाक्य फार पटलं, आणि ते अंदाजपंचे नाही. बोगद्यात राहणारा प्राणी नखाएवढ्या खरवडीत येईलच असं नाही. आख्ख्या पाठीवरच्या कातडीतला आपण किती भाग तपासला याचा विचार करा. सापडला तर आहे हे नक्की, न सापडला तर नाही हे नक्की नाही. अशा वेळी लक्षणं, जागा, खाजेचा जोर, माणसाला आलेलं पुरळ, हे सगळं मिळून वजन करायचं, योग्य मात्रेत औषध द्यायचं आणि प्रतिसाद हाच पुढचा पुरावा धरायचा. माझ्या स्वतःच्या कामात पानावर माइट दिसला नाही की मी 'शून्य' लिहिते. परत आल्यावर त्या शून्यांकडे जरा वेगळ्या नजरेने बघायला लागलेय.

चिकूला मोजून आयव्हरमेक्टिन मिळालं आणि दोन आठवड्यांनी परत, कारण ते अंड्यांवर चालत नाही. अंडी फुटून पिल्लं बाहेर आली की दुसरा डोस त्यांना गाठतो. काजूलाही सोबतच दिलं, एका पिंजऱ्यातल्या सगळ्यांना द्यावं लागतं. काजूच्या नायट्याला वेगळं औषध, हातमोजे घालून. पेंढा जाळून टाकला, पिंजरा धुऊन उन्हात (जेव्हा पडलं तेव्हा) वाळवला आणि माजघरात आणला. पोराला त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं, ट्यूब बंद झाली.

दर रविवारी नातू मला चिकूचं वजन पाठवतो. तिसऱ्या आठवड्यात तिचं किंचाळणं थांबलं, खपल्या सुटून खाली गुलाबी कातडी आणि बारीक लव दिसायला लागली. माइटच होता का? औषध आणि पेरू एकाच दिवशी सुरू झाले, त्यामुळे माझ्या गाईडना मी हा पुरावा म्हणून दाखवू शकणार नाही. पण खाज इतक्या लवकर नुसत्या पेरूने जाईल असं मला वाटत नाही. गेल्या रविवारी चिकू 705 ग्रॅम भरली. काजूच्या डोळ्याभोवती अजून थोडा भुसा आहे, तिचं औषध चालू आहे, आणि ती सध्या कुणाच्याही हातावर झोपत नाही, टॉवेलवर झोपते.